दिग्विजयचे सहा टायर

माझे सासरे नाना पोतनीस यांच्याकडे मोटरहोम आहे. ते त्याला 'चालतं घर' म्हणतात. इंदूरच्या लोकमान्य नगरात त्यांच्या घरासमोर हे चालतं घर सहा वर्षं उभं आहे. यात काही विनोद आहे असं त्या कुटुंबात कोणाला वाटत नाही, आणि जावयाने तो दाखवून देऊ नये एवढं मला कळतं.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी पीथमपूरच्या एका बॉडीबिल्डरकडून त्यांनी ही गाडी बांधून घेतली. खाली प्रवासी व्हॅनचा सांगाडा, वर दोन पलंग, स्वैपाकाचा ओटा, छोटं न्हाणीघर. पुढे दोन चाकं, मागे दोन्ही बाजूंना जोडी, अशी सहा चाकं. दोन्ही अंगांवर सोनेरी अक्षरांत नाव: दिग्विजय. सहा वर्षांत गाडी दोन हजार नऊशे किलोमीटर चालली. एकदा मांडू, दोनदा उज्जैन. बाकीचे सगळे किलोमीटर बॅटरी उतरू नये म्हणून दर महिन्याला बायपासपर्यंत जाऊन परत येण्याचे.

"प्रवास आमच्या खानदानातच आहे, भिया," नाना इंदुरी थाटात सांगतात. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फराशखान्यात होते. म्हणजे महाराजांची स्वारी कुठे निघाली की पुढे जाऊन तंबू ठोकायचे आणि स्वारी हलली की उपटायचे, या खात्यात. नानांच्या सांगण्यात मात्र पणजोबा त्या तंबूंत राहिलेले असतात.

मी मूळचा सांगलीचा. नोकरीसाठी इंदूरला आलो, संहिताशी लग्न झालं आणि पोतनिसांचा जावई झालो. प्रेशर कुकरच्या रबरी रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटी बघतो. कारखाना रबराचा आणि टायरही रबराचा, म्हणून घरात मला टायरतज्ज्ञ समजतात. मीही कधी नाही म्हटलं नाही. सासरी कशातला तरी तज्ज्ञ असणं सोयीचं पडतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी पोहे खाता खाता नानांनी जाहीर केलं की जानेवारीत दिग्विजय कोकणात जाणार. माझ्या सासूबाईंची, शारदाताईंची, थोरली बहीण सुनंदा मावशी हर्णैला असते. अठरा जानेवारीला तिची पंचाहत्तरीची शांत होती.

"खरंच जायचं?" शारदाताईंनी विचारलं. त्यांनी पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची वाटी खाली ठेवली.

"मतलब काय? गाडी कशाला घेतली आहे?" नाना म्हणाले. या प्रश्नाचं उत्तर लोकमान्य नगरात सहा वर्षं कोणाला मिळालेलं नव्हतं, म्हणून आम्ही पोहे खात राहिलो.

खाऊन झाल्यावर नानांनी मला हवा बघायला खाली नेलं. मी टायरजवळ उकिडवा बसलो आणि बाजूच्या रबराला बारीक चिरा गेलेल्या दिसल्या. कडेला बनावटीच्या तारखेचे चार आकडे होते, ३४१८. म्हणजे दोन हजार अठराचा चौतिसावा आठवडा. सहाही टायर त्याच सुमाराचे.

"नाना, हे बदलावे लागतील."

"बदलायचे? एकदम नवे पडले आहेत. हे बघा, रबराचे केससुद्धा गेले नाहीत." ते खरं होतं. कारखान्यातून येताना टायरच्या कडांवर रबराचे जे बारीक केस असतात ते सगळे जागच्या जागी होते.

"टायर चालून संपतात तसे बसूनही संपतात," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. 'बसून' हा शब्द मी टाळायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाड फाइल आणली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: टायर निवड.

पुढचे अडीच महिने इंदुरात टायर या विषयावर नानांशी न बोललेला माणूस उरला नाही. त्यांनी मोटरहोमवाल्यांच्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपांत प्रश्न टाकले आणि तीनशे उत्तरं छापून फाइलला लावली. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींचा एक सल्लागार गट झाला. त्यात एक माजी न्यायाधीश होते, त्यांनी रबर कोणत्या देशाचं आहे हे बघावं असा निकाल दिला. नाना दुकानादुकानांत जाऊन टायरला अंगठ्याचं नख रोवून बघायचे. नख किती रुततं याची त्यांनी एकपासून पाचपर्यंत श्रेणी केली होती. एका दुकानदाराने विनंती केली की साहेब, टायर घ्या किंवा घेऊ नका, पण नखं कापून या.

त्यांचं यूट्यूबवर एक चॅनल होतं, 'नानांची भ्रमंती'. दोनशे बारा वर्गणीदार, त्यांतले साठेक नातेवाईक. बहुतेक व्हिडिओ घरासमोर उभ्या गाडीत काढलेले. आता त्यावर टायरमाला सुरू झाली. सातव्या भागात नानांनी रबराच्या झाडापासून सुरुवात केली तेव्हा डिसेंबर उजाडला होता.

"नाना, आता घेऊन टाका ना," संहिता म्हणाली. "आईची तयारी झाली आहे."

"तिचं काय, पिशवी भरली की झालं. टायर म्हणजे जबाबदारी आहे. चार माणसांचा जीव त्यावर असतो."

"चार कोण? तुम्ही दोघंच जाऊन राहिले ना?"

"प्रिन्सिपल सांगून राहिलो मी," नाना म्हणाले.

शेवटी मीच त्यांना सियागंजात मुर्तजाभाईंकडे नेलं. मुर्तजाभाईंचं दुकान जुनं, अंधारं आणि छतापर्यंत टायरांनी भरलेलं. साठीचा बारीक माणूस, पांढरी टोपी, बोलणं हळू. नानांनी फाइल उघडली. मुर्तजाभाईंनी ती न बघता एकच प्रश्न विचारला.

"गाड़ी का वज़न कितना है, नानाजी? पूरा सामान भरके?"

नानांनी फाइल पुढे-मागे उलटली. तीनशे पानांत रबराचं झाड होतं, पण गाडीचं वजन नव्हतं.

"कंपनीच्या कागदावर असेल," नाना म्हणाले.

"वो तो उठा सकती है उतना. मैं पूछ रहा हूँ, आपने भरा कितना है. धरमकाटे पे चढ़ा के लाइए, अगला-पिछला अलग. फिर टायर मैं बताता हूँ."

ट्रक तोलायचा धरमकाटा देवास नाक्याच्या पुढे आहे. पुढच्या शनिवारी आम्ही दिग्विजय घेऊन तिथे गेलो. नानांच्या म्हणण्याप्रमाणे प्रवासाला निघायचं तसं सगळं भरलेलं. शारदाताई मागे पलंगावर बसल्या होत्या, कारण मुर्तजाभाईंनी 'पूरा' म्हटलं होतं. पुढेमागे कांद्याचे ट्रक होते. काट्यावरच्या माणसाने चिठ्ठी दिली, गाडीवरचं सोनेरी नाव वाचलं आणि पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं.

"इसमें क्या भरा है, साहब? लोहे का सरिया?"

कागदावर गाडीला परवानगी चार हजार तीनशे किलोची. काट्याने दाखवलं चार हजार नऊशे वीस. सहाशे वीस किलो जास्त, आणि त्यातलं बहुतेक मागच्या चाकांवर.

नाना हादरले असतील असं मला वाटलं होतं. ते खुश झाले. "बघा, साधे टायर का चालत नाहीत ते. आपल्याला हेवी ड्यूटी लागणार."

तिथून आम्ही सियागंजात गेलो. मुर्तजाभाईंनी चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "नानाजी, ज़्यादा वज़न का टायर है मेरे पास. लेकिन वो आपको नहीं दूँगा. टायर उठा लेगा, एक्सल क्या करेगा? रिम क्या करेगी? ब्रेक? आप छह सौ किलो उतारिए, मैं जो साइज़ लगा है वही साइज़ लगाता हूँ. एक घंटे का काम है."

"एका तासाचं?" नाना म्हणाले. अडीच महिन्यांच्या अभ्यासाला कोणी तासाचं काम म्हणावं, हा अपमान त्यांना सहन झाला नाही. "मी इंजिनियर आहे, मुर्तजाभाई. धरणं बांधली आहेत."

"जी. धरण को चलना नहीं पड़ता," मुर्तजाभाई अगदी नम्रपणे म्हणाले आणि आमच्यासाठी चहा सांगितला. नानांनी तो घेतला नाही. मी घेतला, चांगला होता.

तरी वजनाचा आकडा नानांच्या डोक्यात बसला. जानेवारीच्या पहिल्या रविवारी त्यांनी दिग्विजय रिकामा करायला काढला. घरासमोरच्या रस्त्यावर सतरंजी अंथरली, न्हाणीघरातला वजनकाटा आणला आणि मला कागद-पेन देऊन उभं केलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. शेजारच्या सोनलवहिनींनी घर बदलताय का असं विचारलं.

काय काय होतं त्या गाडीत. मकराण्याच्या संगमरवराचं देवघर. जनरेटर. त्रेचाळीस इंची टीव्ही. आकाशदर्शनाची दुर्बीण, अजून खोक्यातच. वाचनासाठी पुस्तकांची दोन कपाटं. पाण्याची एवढी मोठी टाकी की तिच्यात लोकमान्य नगराची एका गल्लीचे दोन दिवस निघाले असते. शेव आणि मिक्स्चरचे पाच पत्र्याचे डबे, कारण बाहेरच्या गावात शेव खाण्यालायक मिळत नाही. सागवानी फळीवर काचेच्या चौकटीत नानांची खात्यातली अकरा प्रशस्तिपत्रं. आणि ओट्यावर दोन इंच जाडीचा काळा ग्रॅनाइट.

"ग्रॅनाइट काढू या," मी म्हणालो.

"तो स्ट्रक्चरचा भाग आहे."

"जनरेटर?"

"सुरक्षेची बाब आहे."

"प्रशस्तिपत्रं?"

नानांनी चौकटीची काच रुमालाने पुसली. टीव्हीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले की प्रवासात बातम्या कळायला हव्यात. अखेर दुर्बीण आणि शेवेचे दोन डबे उतरले. मग नाना शारदाताईंच्या फळीकडे वळले. तिथे स्टीलचे डबे होते, मसाले, छोटा कुकर, कढई आणि जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी.

"हे काय?"

"समया आहेत," शारदाताई म्हणाल्या. "सुनंदाला द्यायच्या. आईच्या आहेत."

नानांनी जोडी काट्यावर ठेवली. "साडेचार किलो. असलं काही न्यायची गरज नाही. कोकणात समया मिळत नाहीत का? लिहा उन्मेषजी, साडेचार वजा. डबे, अकरा वजा."

मी लिहिलं. लिहायला नको होतं असं मला आज वाटतं, पण तेव्हा मी लिहिलं.

शारदाताई दारातल्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. आवाज चढवायची सवय नाही, वर्गही शांत असायचा म्हणतात.

"अहो, त्या कागदावर माझं वजन किती धरलंय?"

नानांनी माझ्या हातातला कागद पाहिला. "बासष्ट."

"आणि तुमचं?"

"ड्रायव्हरचं वेगळं असतं."

"मग बासष्ट काढून टाका. माझी बॅग नऊ किलोची आहे, तीही काढा. समया आणि डबे तुम्ही काढलेच आहेत. मी ट्रेनने जाते."

नाना तोंडातल्या तोंडात बेरीज करत होते. "साडेशहाऐंशी," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "बघा उन्मेषजी, लॉजिकली विचार केला की मार्ग निघतो. शाबास, शारदा."

"नाना," संहिता म्हणाली, "आई काय म्हणून राहिली आहे ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय ना. साडेशहाऐंशी किलो."

संहिताने त्याच दिवशी पुण्यापर्यंतचं तिकीट काढलं. पुण्याहून मावशीचा मुलगा गाडीने हर्णैला नेणार होता. बारा तारखेला दुपारी मी शारदाताईंना स्टेशनवर सोडायला गेलो. नाना आले नाहीत. त्यांना टायरच्या दुकानात जायचं होतं.

गाडी लागायला वेळ होता. समया त्यांनी मांडीवरच घेतल्या होत्या.

"हर्णैला मी एकदाच गेले, सुनंदाच्या लग्नात," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांची होते. पंगती वाढण्यातून बाहेर पडता आलं नाही, समुद्र नुसता ऐकला. मग शाळेत भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवायची. इंदूरच्या मुलांना काय, त्यांना वाटायचं बाईंनी पाहिली असेल."

"दिग्विजयने गेला असतात तर मजा आली असती," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"त्या गाडीत मी एकदा झोपले आहे, मांडूला. हे दर तासाने उठून हवा तपासत होते." त्या हसल्या. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, उन्मेषराव. मला खरंच ट्रेनने जायचं आहे. बरोबर पोळी-भाजी घेतली आहे, मासिक घेतलं आहे."

गाडी सुटली तेव्हा त्या खिडकीतून हात हलवत होत्या आणि समया अजून मांडीवर होत्या.

नाना गेले होते ते रिंग रोडवरच्या एका काचेच्या दुकानात. आत एसी, कॉफीचं यंत्र, भिंतीवर बर्फातल्या जीपचं चित्र. संध्याकाळी त्यांनी मला कौतुकाने सांगितलं, तिथे पलक नावाची एक मुलगी होती, गणवेशातली, फारच हुशार. मुर्तजाभाईंसारखं वजन वगैरे काही विचारलं नाही.

"मग काय विचारलं?"

"म्हणाली, सर, आपका लाइफस्टाइल क्या है?"

सहा वर्षांत हा प्रश्न नानांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी पाऊण तास उत्तर दिलं. त्या उत्तराला शोभतील असे टायर पलकने दाखवले: रुंद, दांडग्या ठोकळ्यांची नक्षी, बाजूला पांढरी अक्षरं, आणि जंगल, वाळू, चिखल, बर्फ अशी चार चित्रं. इंदूर ते हर्णै रस्त्यात यातलं काहीही लागत नाही. बसवणाऱ्या कारागिराने मागच्या जोडीत बोटं घालून बघितली आणि म्हणाला, "साहब, दोनों के बीच में गैप कम पड़ रहा है." नानांनी फाइल उघडली. कारागिराने बोटं काढून घेतली. जुने सहा टायर दुकानाने ठेवून घेतले.

चौदाला संक्रांत झाली. पंधराला सकाळी नानांनी खजराण्याच्या गणपतीसमोर दिग्विजयची पूजा करवून घेतली, चाकांखाली लिंबं ठेवली, चिरडली, आणि फोन काचेला लावून एकटेच निघाले. मला सुट्टी मिळाली नव्हती. मी मागितलीही नव्हती, हे संहितालाही मी सांगितलेलं नाही.

साडेअकराला फोन आला.

"उन्मेषजी, मी मानपुरला आहे. टायरमधून थोडासा वास येऊन राहिला आहे."

"कसला वास?"

"तुमच्या विषयातला," नाना म्हणाले. "रबराचा."

माझा कारखाना पीथमपूरला, तिथून मानपुर जवळ. मी मोटरसायकलवर गेलो. आग्रा-मुंबई रस्त्यावर एका ढाब्यासमोर दिग्विजय उभा होता आणि मागच्या चाकांभोवती सहा-सात ट्रकड्रायव्हर उकिडवे बसले होते. जोडीचे टायर रुंद, वर अजून पाचशे किलोहून जास्त जादा वजन. दोन्हींच्या कुशी फुगून एकमेकींना घासत होत्या. इंदूरपासून इथपर्यंत घासून घासून त्यांनी एकमेकींची पांढरी अक्षरं खाल्ली होती. हात लावला तर चटका बसत होता.

"घाट चढ़ने-उतरने से पहले दिख गया, अच्छा हुआ," एक राजस्थानी ड्रायव्हर मला म्हणाला. "किसने लगाए?"

"यांनीच निवडले," मी मराठीत म्हणालो. त्याला ते कळलं.

नाना बाजेवर बसून चहा पीत होते. खाली उतरून बघायला ते एकदाही वाकले नसावेत. गुडघे दुखतात. मी समोर बसलो.

"गाडीत एकट्याला आवाज फार येतो," नाना म्हणाले. "भांडी वाजतात, शेवेचे डबे वाजतात. ती असली की वाजत नाहीत. काय करत असते ती?"

"धरून बसते," मी म्हणालो. "धरमकाट्यावर जाताना मी पाहिलं. एक हात फळीवर आणि एक कढईवर."

नानांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "तिची ट्रेन कितीला पोचली होती?" त्यांनी विचारलं. ती जाऊन तीन दिवस झाले होते.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. मी सुचवलं की गाडी इथेच राहू दे, ढाबेवाला ओळखीचा झालाच आहे, संध्याकाळी पुण्याच्या बस इथून जातात, एखादी थांबवून देतो. सोळाला पुणे, सतराला हर्णै, अठराची शांत आरामात मिळेल. नाना विचारात पडले. हो म्हणाले. दाढीचं सामान आणि दोन शर्ट पिशवीत घातले. मी संहिताला फोन करून सांगितलंसुद्धा.

साडेसहाला एक बस चहाला थांबली. जागा होती. कंडक्टरने पिशवी आत ठेवली. नाना पायरीवर एक पाय ठेवून थांबले, मग खाली उतरले आणि बसच्या मागच्या बाजूला गेले. दुखरे गुडघे टेकून ते वाकले, मोबाइलचा दिवा लावला, नख रोवून पाहिलं.

"उन्मेषजी, पिशवी काढा."

"काय झालं?"

"मागच्या चारही टायरांवर रबर चढवलेलं आहे. जुनेच आहेत. अशा गाडीत मी बसणार नाही."

"नाना, चाळीस माणसं बसली आहेत."

"त्यांना माहिती नाही. मला माहिती आहे." त्यांच्या आवाजात इतकं समाधान मी पहिल्यांदा ऐकलं.

बस गेली. मी पिशवी घेऊन उभा होतो. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर सकाळपासून आमच्यातला तेवढाच एक माणूस आपल्या विषयातलं काही तरी अचूक बोलला होता.

दुसऱ्या दिवशी मी सियागंजात गेलो. मुर्तजाभाईंनी ऐकून घेतलं, एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. सहा साधे टायर पिकअपमध्ये टाकून ते स्वतः मानपुरला आले आणि नानांना नमस्कार करून म्हणाले, "पहले पत्थर उतरेगा, फिर टायर चढ़ेगा." ग्रॅनाइट उतरला. ढाबेवाल्याने तो चहाच्या काउंटरवर बसवला, शोभतोही छान. देवघर, जनरेटर आणि टीव्ही पिकअपमधून लोकमान्य नगरला गेले. प्रशस्तिपत्रं राहिली, तेवढी राहू द्या म्हणून मुर्तजाभाईंनीच सांगितलं. मग त्यांनी आणि त्यांच्या कारागिराने टायर बसवले. मी घड्याळ लावलं होतं. अठ्ठावन्न मिनिटं.

नवे टायर एकदम लांब पळवायचे नसतात म्हणून नाना अजून एक दिवस मानपुरलाच राहिले आणि मग हर्णैचा बेत सोडून इंदूरला परतले. 'मानपुर: एक अनोळखी स्वर्ग' हा त्यांचा व्हिडिओ साडेतीनशे लोकांनी पाहिला. फेब्रुवारीत मराठी मंडळात त्यांचं 'मोटरहोमसाठी टायर कसे निवडावेत' यावर व्याख्यान झालं. भरलेल्या गाडीचं वजन आधी काढावं, मूळचं माप बदलू नये, जोडीच्या चाकांत अंतर राहावं, बनावटीची तारीख बघावी, हे सगळं त्यांनी इतकं उत्तम मांडलं की मीही टिपून घेतलं. सियागंजचा उल्लेख आला नाही. माजी न्यायाधीशांनी आभार मानले.

शारदाताई अठराच्या शांतीनंतर परत येणार होत्या. मग म्हणाल्या, सुनंदा म्हणते राहा. मग सुनंदा मावशींना घेऊन त्या बसने गणपतीपुळ्याला गेल्या, तिथून पुढे मालवणला गेल्या. रोज संहिताला एक फोटो यायचा. एका फोटोत त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि पदर खोचलेला होता. नानांनी तो मोठा करून बराच वेळ बघितला. "वाळू ओली आहे," ते म्हणाले. "अशा ठिकाणी प्रेशर कमी ठेवावं लागतं."

होळीच्या आधी चार दिवस त्या परतल्या. स्टेशनवर आम्ही तिघंही गेलो होतो. नाना दिग्विजय घेऊन आले होते आणि त्यामुळे स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांशी त्यांचं भांडण चाललं होतं. शारदाताई रापलेल्या दिसत होत्या. समयांच्या जागी आता सुकट, कोकम आणि फणसपोळीची जड पिशवी होती. माझ्या हातात ती देताना त्यांनी हळूच विचारलं, "मोबाइलवर तिकीट कसं काढतात ते मला शिकवाल का? एप्रिलमध्ये सुनंदाबरोबर कन्याकुमारीला जायचं ठरलं आहे."

नाना घाईने आले. त्यांनी शारदाताईंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मग त्यांना विषय सापडला.

"मालवणला बसने गेली होतीस ना? मागचे टायर बघून घेतले होतेस का?"

"नाही हो," शारदाताई म्हणाल्या. "मला खिडकी मिळाली होती."

नानांनी मागचं दार उघडून दिलं. शारदाताई दाराकडे बघून म्हणाल्या की त्या उन्मेषरावांच्या मोटरसायकलवर येतील, दिवसभर बसून पाय आखडले आहेत, वारा लागेल. संहिता पिशवी घेऊन दिग्विजयमध्ये चढली आणि मागे आईच्या जागी पलंगावर बसली. घरी पोचेपर्यंत तिने एक हात फळीवर धरून ठेवला होता, असं तिने मला नंतर सांगितलं.